आज कोण दमलं?

आबांचा शेवटचा दिवस बाकीच्या दिवसांसारखाच उजाडला आणि तसाच मावळला. त्यातलं काही जपून ठेवावं असं तेव्हा कुणाला वाटलं नाही. त्यामुळे पुढे थोरलीला तो दिवस तुकड्यातुकड्यांनी गोळा करावा लागला.

सकाळपासून ऊन कडक होतं. घरापुढच्या सपाट जागेवर गवताचे तुरे वाळत पडले होते. घर झाडू बांधणाऱ्यांचं. खाली ओढ्याकाठी पुरुषभर उंचीचं गवत माजायचं, त्याला मऊ, करडे तुरे यायचे. ते कापायचे, भारे बांधून चढावरून वर आणायचे, कडकडीत वाळवायचे, लाकडी घोडीवर झोडपून त्यातला बारीक बुरा काढायचा आणि मग मूठ आवळून झाडू बांधायचे. बुरा राहिला तर नवा झाडू घर झाडण्याऐवजी घाणच करतो आणि गिऱ्हाईक बांधणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करतं. म्हणून झोडपण्याचं काम थोरलीकडे होतं. तिचा हात जड होता आणि जीभ हलकी नव्हती, असं तिची आई म्हणायची.

थोरली ही आबांची एकुलती एक लेक. ती जन्मली तेव्हा आबांनी मोठ्या आशेने तिला थोरली म्हणायला सुरुवात केली. पुढे तिच्या पाठीवर कुणी झालं नाही, नाव मात्र राहिलं. लग्न झाल्यावरही ती इथेच राहिली, कारण नवऱ्याकडे टेम्पो होता आणि टेम्पोत भरायला झाडू इथे होते. "बायको मिळाली ती मिळाली, वर कायमचं भाडं मिळालं," असं तो चारचौघांत सांगायचा आणि सासूचं लक्ष आहे ना हे बघून घ्यायचा.

उन्हं चढल्यावर आबा भारा घेऊन खालून निघाले. मागे त्यांची नात. पाय एका जागी ठरत नाही म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणत. तिच्याही डोक्यावर मापाची पेंढी होती. अर्ध्या चढावर वाटेच्या कडेला एक सपाट दगड आहे. तिथवर दोघं आली आणि थांबली. रोज थांबत. आबा भारा दगडाला टेकवून उभे राहत. बसत नसत, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, खांदे वर काढून, खाली काहीतरी शोधत असल्यासारखे उभे राहत.

दगडाच्या वरच्या अंगाला एक गवंडी कुणाच्या तरी आवाराची भिंत बांधत होता. काम महिनोन् महिने चाललं होतं. मालकाकडून सिमेंट येई तेव्हा भिंत वाढे, नाही तर गवंडी तिच्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांची विचारपूस करी.

"काय मंडळी," तो ओरडला, "आज कोण दमलं?"

"नात दमली," आबा म्हणाले.

"खोटं! मी नाही, आबा दमले!" भिंगरी म्हणाली.

"बघा हो, केवढीशी पोर आणि कशी उलटी बोलते. पाय दुखतात म्हणून मघापासून माझा जीव खातेय."

"आबा दमले, आबा दमले!"

गवंडी हसला. वर घरापुढे घोडीपाशी उभी असलेली थोरलीही ते ऐकून हसली. तिच्या लहानपणी हेच बिल तिच्या नावावर फाडलं जायचं. त्याच दगडापाशी, त्याच सुरात: पोरगी दमली. तेव्हा ती भिंगरीसारखी ओरडत नसे. ओठ मिटून उभी राही.

संध्याकाळी जेवणं झाली. आबा नेहमीच्या कोपऱ्यात गवताच्या भाऱ्याला पाठ टेकून बसले. ते झोपायचे तसेच, बसून. भाऱ्यात त्यांच्या पाठीचा खळगा पडला होता.

"आडवं झालात तर जमीन चावते का तुम्हाला?" आई म्हणाली. हे ती लग्न झाल्यापासून विचारत आली होती.

"आडवा झालो की छातीवर कुणीतरी येऊन बसतं," आबा म्हणाले. "बसूनच झोपलो की त्याला जागा मिळत नाही." मग थोरलीकडे वळून म्हणाले, "उद्या ढग येतील असं वाटतंय. गवत आत घ्या."

सकाळी आईने चहा त्यांच्यासमोर ठेवला आणि ती कामाला लागली. ते बसलेले होते, नेहमीसारखे. चहावर साय धरली तेव्हा कुठे तिने त्यांच्या खांद्याला हात लावला.

*

ढग खरंच आले. हंगामाबाहेरचे, न बरसणारे. ओल्या घोंगडीसारखे ते रानावर पडून राहिले. ऊन म्हणून मिळेना. कापलेलं गवत बाहेर ठेवावं तर ओल धरी, म्हणून सगळं घरात आलं: पडवीत, माळ्यावर, भिंतीला लावून, माणसांच्या उशापायथ्याशी. घरभर कुबट वास भरला. शोक करायलाही मोकळी जागा उरली नव्हती. भेटायला येणारे भाऱ्यांवर बसत आणि उठताना कपड्यांवरचा बुरा झटकत.

व्यापाऱ्याने माल महिनाअखेरीपर्यंत मागितला होता. तो स्वतः येऊन गेला, हात जोडले, आबांविषयी चांगलं बोलला आणि निघताना म्हणाला, "घाई नाही हो. पण उशीर करू नका."

म्हणून थोरली घरातच झोडपायला लागली. आई मुठी आवळायला बसली. तिची बोटं पूर्वीसारखीच चालत, फक्त मधेच एखादी मूठ ती इतकी आवळी की दोरी तुटे. मग ती दोरीकडे बघत राही.

भिंगरी बदलली. खालून पेंढी आणताना ती आता एकटी येई. दगडापाशी थांबे, आणि चक्क बसे. गवंडी तिला काही विचारत नसे. थापी हातात धरून उगाच भिंतीकडे बघे. पोर बसल्या बसल्या मोठमोठे श्वास घेई, उसासे टाकल्यासारखे. घरी आली की एका जागी बसून राही. हाका मारल्या तर "आले" म्हणे आणि येत नसे.

"आबांची वाट बघते," आई पदर डोळ्यांना लावून म्हणाली. "एवढासा जीव, पण केवढे उसासे टाकते."

थोरलीलाही ते पटलं. तिचा स्वतःचाही घास गळ्याशी अडत होता. पोरीचा श्वास अडला तर नवल काय?

मग खोकला सुरू झाला. कोरडा, बारीक, पहाटे पहाटे येणारा. याचीही कुणाला काळजी वाटली नाही, कारण या घरात खोकल्याला आजार म्हणतच नसत. या कामात नवा माणूस आला की पहिल्या हंगामात खोकतो. त्याला 'बुरा लागला' म्हणायची पद्धत होती. खोकणाऱ्याला बाकीचे हसत, पाठीत थोपटत, आता तू आमच्यातला झालास म्हणत. हंगाम सरता सरता खोकला बसायचा.

"बुरा लागला हो पोरीला," आई म्हणाली, आणि इतक्या दिवसांत प्रथमच जरा हसली. "आबांची खरी नात शोभते."

"आपल्या घरात जो खोकत नाही, तो पाहुणा," थोरलीचा नवरा म्हणाला.

"तुम्ही कुठे खोकता?" थोरली म्हणाली.

"मग मी कोण आहे? जावई म्हणजे पाहुणाच की."

आईने मायेने एक गोष्ट केली. आबांचा भारा तिने मोडू दिला नव्हता. बाकीचं गवत झाडूंत जात होतं, तो मात्र कोपऱ्यात तसाच होता, पाठीच्या खळग्यासकट. भिंगरीला झोप लागत नाही म्हणून तिने तिला त्या खळग्यात बसवलं, वर आबांची चादर घातली. "आबांच्या जागी झोप," म्हणाली. पोर तिथे छान मावली. सगळ्यांना बघून भरून आलं.

त्यानंतर खोकला वाढला.

बाजारातल्या औषधवाल्याने गोड लाल औषध दिलं. ते भिंगरीला आवडलं. चमचा चाटून झाल्यावर ती खोकत बसे.

*

थोरलीला शंका यायला लागली ती एका हसण्यामुळे.

नवरा टेम्पो धुताना घसरला आणि बादलीत बसला. भिंगरी खदखदून हसली, आबा गेल्यावर प्रथमच. आणि हसता हसता खोकायला लागली ती थांबेचना. डोळ्यांत पाणी आलं, ओठांभोवती फिकट पडलं. नवऱ्याला वाटलं आपल्या विनोदाला अशी दाद कधीच मिळाली नव्हती. थोरलीला वाटलं: हसल्यावर कसला आला शोक?

तेव्हापासून ती बघायला लागली. झोडपता झोडपता, पाणी भरता भरता, एक डोळा पोरीवर. शेळीमागे धावली की खोकला; पण लगेच नाही, थांबून टेकल्यावर. विहिरीच्या काठावर उघड्यावर बसून दोऱ्या वळत असली की नाही. थंड वारं सुटलं की हो. घोडीवरून बुरा उडत असला की हो. सकाळी कपाळाला आठ्या घालून उठते, दुपारी बरी असते, संध्याकाळी पुन्हा ओढलेली. एखाद्या दिवशी काहीच नाही. अशा दिवशी थोरलीला वाटे, आपणच वेड्या.

"काय टक लावून बघतेस तिच्याकडे?" आई म्हणाली. "दृष्ट लावशील."

"बघते, कधी खोकते ते."

"कधी म्हणजे? बुरा काय वेळ सांगून लागतो का?"

"आई, आपल्याला लागतो तो दिवसभर लागतो. हिचा येतो आणि जातो. असा कुणाचा होता आपल्यात?"

आईने मूठ आवळली. दोरी तुटली.

त्या आठवड्यात नवरा माल घेऊन लांबच्या बाजाराला निघाला. भिंगरीने हट्ट धरला. जाऊ दे, तेवढीच रमेल, म्हणून थोरलीने पाठवलं. दोन-तीन दिवसांनी टेम्पो परत आला तो लांबूनच ऐकू आला, कारण त्याच्या भोंग्यापेक्षा भिंगरीचा आवाज मोठा होता.

"सगळा रस्ता गाणी," नवरा कान चोळत म्हणाला. "पुढच्या खेपेला हिला टपावर बसवणार."

"खोकली का?"

"खोकायला तोंड रिकामं नको?"

"पहाटे?"

नवरा विचारात पडला. "नाही गं. केबिनमध्ये मस्त आडवी झोपत होती. मीच उठवायचो."

आडवी. थोरली तो शब्द मनात घोळवत राहिली. शोक असा घरी ठेवून जाता येतो का? मग आपल्याला कुणी टेम्पोत का बसवत नाही?

भिंगरी उड्या मारत आत गेली, आजीला बिलगली, आबांच्या भाऱ्यात जाऊन बसली. दुसऱ्या दिवशी पहाटे खोकला परत आला होता.

थोरली उठली. उजाडायला आलं होतं, दारातून राखाडी उजेड येत होता. तिने पोरीला पुढे वाकवलं, झगा वर केला आणि उघड्या पाठीला कान लावला. आधी स्वतःच्याच कानातली धडधड ऐकू आली. मग खोलवरून एक बारीक शीळ. श्वास आत जाताना नाही. बाहेर येताना. फटीतून वारं निघावं तशी, लांबत जाणारी, शेवटी केसाएवढी बारीक होणारी.

तिने कान काढला नाही. ती शीळ तिच्या ओळखीची होती.

लहानपणी ती आबांच्या कुशीत झोपायची. बसलेल्या आबांच्या छातीला तिचा कान लागलेला असे आणि आत कुणीतरी शीळ घालत असे. तिला वाटायचं, सगळ्यांचेच वडील झोपेत अशी शीळ घालतात. वडील होण्यातलाच तो एक भाग असावा. लग्न झाल्यावर नवऱ्याच्या छातीवर डोकं ठेवलं तेव्हा आत शांतता होती. कितीतरी दिवस तिला तिथे झोप लागली नव्हती.

*

दवाखान्यात जायचं ठरलं तर आई म्हणाली, मीही येते. कशाला, ते सांगितलं नाही. नवऱ्याने तिघींना टेम्पोतून बाजाराच्या गावी सोडलं. तिथल्या सरकारी दवाखान्यात बाकावर बायका, बाळं आणि पाय बांधलेला एक म्हातारा यांच्यात त्या बसल्या. खोली स्वच्छ होती, फिनेलचा वास होता, गवत कुठेच नव्हतं. भिंगरी पाय हलवत बसली. एकदाही खोकली नाही. थोरलीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुखणं दाखवायला आणावं आणि दुखण्याने नेमकं आजच यायला नको म्हणावं.

डॉक्टरबाई वयाने लहान होत्या, आवाजाने मोठ्या. त्यांनी भिंगरीच्या छातीला, पाठीला नळी लावली. बराच वेळ ऐकलं.

"आत्ता काही ऐकू येत नाही," त्या म्हणाल्या.

"मी म्हटलंच होतं," आई उठायला लागली.

"बसा आजी. काही ऐकू येत नाही म्हणजे काही नाही, असं नसतं." त्यांनी नळी गळ्यात टाकली आणि थोरलीकडे बघितलं. "तुम्ही सांगा. तुम्हाला काय दिसतं?"

थोरलीला वाटलं होतं, आपल्याला औषधाची चिठ्ठी मिळेल. आपल्याला कुणी विचारेल असं वाटलं नव्हतं. ती आधी अडखळली. मग हसण्यावरून सांगितलं, शेळीवरून, थंड वाऱ्यावरून, बुऱ्यावरून, टेम्पोवरून. सांगता सांगता तिला स्वतःलाच ते एका ओळीत लागताना दिसलं.

"आणि छातीत शीळ वाजते," ती म्हणाली.

"श्वास घेताना?"

"सोडताना."

डॉक्टरबाई पुढे सरकल्या. "कुणी सांगितलं तुम्हाला?"

"कुणी नाही. पाठीला कान लावला."

"बरं केलंत. लहान असताना अंगावर खाज, चट्टे?"

"कोपराच्या आणि गुडघ्याच्या घडीत. अजून कधीकधी उठतात."

"सर्दी झाली की छातीत उतरते?"

"दर वेळी."

"झोपते कशी?"

"बसून," भिंगरीच म्हणाली. "आबांच्या भाऱ्याला टेकून."

"गवताच्या भाऱ्याला?"

"तो तिच्या आजोबांचा आहे," आई ताठ होऊन म्हणाली.

डॉक्टरबाई आईकडे वळल्या. "हो आजी. पण या हवेत त्याला बुरशी धरली असेल ना?" आईने पदर सारखा केला. "बरं, घरात अजून कुणाला असं होतं? किंवा होतं का पूर्वी? दम लागणं, बसून झोपणं?"

"आमच्या घरात कुणाला काही नाही," आई म्हणाली. "हिचे आजोबा शेवटच्या दिवसापर्यंत भारे वाहत होते. हाडाचे धडधाकट."

थोरलीने तोंड उघडलं होतं. आईचा हात बाकाच्या कडेवर इतका घट्ट आवळलेला होता की नखं पांढरी पडली होती. दोरी तुटायच्या आधी असतो तसा. थोरलीने तोंड मिटलं.

डॉक्टरबाईंनी दोघींकडे बघितलं आणि तो प्रश्न तसाच राहू दिला. खणातून एक पांढरी नळी काढली. तिच्यावर आकड्यांची पट्टी आणि एक लाल काटा होता.

"ही वाजत नाही," त्या भिंगरीला म्हणाल्या, "पण सगळा दम लावून एकदाच फुंकायचं. काटा पळतो. किती लांब पळवतेस बघू."

भिंगरीने गाल फुगवून फुंकलं. काटा थोडासा सरकला आणि बसला. पुन्हा. पुन्हा तिथेच.

"नळी बिघडलीये," भिंगरी म्हणाली.

"असेल हो. मी फुंकून बघते." त्यांनी फुंकलं, काटा पार टोकाला गेला. भिंगरीचं तोंड उतरलं. मग डॉक्टरबाईंनी एका फुगीर पारदर्शक डब्याला औषधाचा पंप लावला, डब्याचं तोंड तिच्या तोंडाला लावलं, पंप दाबला आणि सावकाश श्वास घ्यायला सांगितलं. पुन्हा दाबला. पुन्हा.

"आता जरा बाहेर बसा. दुसरे पेशंट बघते, मग बोलावते."

त्या बाहेर बसल्या. पाय बांधलेल्या म्हाताऱ्याने भिंगरीला त्याचा पाय कसा मोडला त्याची गोष्ट सांगितली. त्यात एक बैल होता आणि तो दर वाक्याला मोठा होत होता. गोष्ट ऐकता ऐकता भिंगरीचे खांदे खाली आले. ते इतके दिवस वर होते, हे थोरलीच्या तेव्हा ध्यानात आलं. कानांपाशी चिकटलेले खांदे. दगडापाशी उभ्या आबांसारखे.

आत बोलावल्यावर भिंगरीने नळी घेतली, फुंकली, आणि काटा पळाला. ती स्वतःच दचकली. "अय्या! नीट झाली नळी!"

"नळी तीच आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "तुझ्या आतल्या नळ्या मोकळ्या झाल्या." मग थोरलीला म्हणाल्या, "छातीतल्या बारीक नळ्या सुजतात, आवळतात. आत गेलेली हवा सुखाने बाहेर येत नाही, म्हणून शीळ. बुरा, बुरशी, थंड हवा, धावणं, सर्दी, काहीही त्यांना चिडवतं. आणि औषधाने किंवा आपोआप त्या पुन्हा सुटतात. म्हणून तर कधी असतं, कधी नसतं. ते येणं-जाणं हीच या दुखण्याची खूण."

"दमा?" थोरलीने विचारलं.

"हो, बहुतेक दमाच. एका फुंकरीवर मी शिक्का मारत नाही. ही नळी घरी न्या, सकाळ-संध्याकाळ फुंकायला लावा, पंधरवड्याने या. पण तुम्ही सांगितलेलं आणि हा काटा, दोन्ही एकच बोलतायत."

"हळू बोला हो," आई म्हणाली. "बाहेर माणसं बसलीत."

"नाव घेतल्याने वाढत नाही आजी. न घेतल्याने वाढतो."

त्यांनी दोन पंप दिले, एक रोजचा, एक अडेल तेव्हाचा. पोर झोपते तिथून गवत हलवायला सांगितलं. एक वाक्यही सलग बोलता येईना, ओठ निळसर दिसले, बरगड्यांमध्ये खळ्या पडायला लागल्या, तर पंप देत देत तसंच उचलून आणायचं, वाट बघायची नाही. थोरलीने सगळं तिथल्या तिथे म्हणून दाखवलं.

भिंगरीने डब्याकडे पाठ केली. "मला नको ते. मला काही झालेलं नाही. मी दमत नाही."

"मग काटा?"

"काट्याला काय कळतं?" भिंगरी म्हणाली. "आबा दमायचे, मी नाही."

"ऐकलंत ना?" आई पटकन म्हणाली. "पोर आहे, काहीही बोलते."

*

टेम्पो चढाच्या पायथ्याशी थांबला. नवरा गाडी वळवायला गेला. तिघी चालू लागल्या. संध्याकाळ झाली होती, ढगांखाली एक पिवळी फट पडली होती आणि तिच्यातून थंड वारं येत होतं. भिंगरी पुढे. पंपांची पिशवी आईच्या हातात, पदराखाली झाकलेली, चोरीचा माल असावा तशी.

वाट चढायला लागली तशी भिंगरी मंदावली. थोरलीने बघितलं, खांदे पुन्हा वर निघालेत. मानेच्या खाली, गळ्याच्या खोबणीत, दर श्वासाला खळी पडतेय. दगड आला. भिंगरी थांबली. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून ती खाली बघत उभी राहिली, काहीतरी शोधत असल्यासारखी.

भिंतीवर गवंडी होता. उजेड उतरला तरी तो थापी धूत रेंगाळला होता. तिघी थांबलेल्या बघून त्याच्या तोंडून जुनी सवय निघून गेली:

"काय मंडळी, आज कोण दमलं?"

आणि त्याने लगेच जीभ चावली. "चुकलं हो, वहिनी. तोंडाला लगाम नाही."

आई दुसरीकडे बघायला लागली. भिंगरीने मान वर केली. एक श्वास घेतला, तो पुरला नाही, दुसरा घेतला.

"आई... दमली," ती म्हणाली आणि थोरलीकडे बोट दाखवलं.

थोरली त्या बोटाकडे बघत राहिली. तेच बोट. तेव्हा ते मोठं होतं, गवताने कापलेलं, आणि तिच्याकडे वळलेलं असायचं. आणि ती त्याच्याशेजारी ओठ मिटून उभी असायची, पायांत हरणासारखी ताकद असताना. सगळे हसायचे. आबांच्या गळ्यातली खळी तिच्या डोळ्यांच्या उंचीवर असायची. तिला सगळं दिसायचं.

"नाही," थोरली म्हणाली. "मी नाही दमले."

आईने मान वळवली.

"मी नाही दमले, भिंगरी. तू दमलीस. दमलीस तर दमलीस, त्यात काय? पण दुसऱ्याचं नाव नाही सांगायचं. मग तुला कुणी औषध देणार नाही, ते मलाच देतील."

भिंगरीला हे जरा विचार करण्यासारखं वाटलं. ती आजीच्या पदराकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "मी... दमले."

आई हलली नाही. थोरलीने तिच्या पदराखालून पिशवी घेतली, डबा काढला, पंप हलवून लावला. भिंगरी दगडावर बसली. गवंडी भिंतीवरून उतरून जवळ आला आणि न विचारता वाऱ्याच्या बाजूला उभा राहिला. श्वास, थांबणं, श्वास. डब्याची छोटी झडप टिकटिकत राहिली.

"तुला कधी कळलं?" आईने विचारलं. आवाज इतका खाली होता की थोरलीला वाटलं, तिने स्वतःलाच विचारलं.

"हिच्याएवढी होते तेव्हा."

"मला म्हणायचे, पोरीला कळू देऊ नकोस. बाप दमतो हे कळलं तर पोर घाबरेल." आईने डोळे पुसले नाहीत, वाहू दिले. "मला वाटत होतं, माझ्या एकटीलाच ठाऊक आहे."

भिंगरीचे खांदे हळूहळू खाली येत होते. आईने तिच्यामागे जाऊन तिची पाठ आपल्या पोटाला टेकवून घेतली. "तो भारा," ती म्हणाली, "उद्या बाहेर काढू. मी स्वतः त्याचे झाडू बांधीन."

थोरलीने दगडाच्या रिकाम्या टोकावर हात ठेवला. आबा भारा टेकवायचे तिथे दगड झिजून गुळगुळीत झाला होता. तिने आवाज खाली केला नाही. गवंड्याला ऐकू गेलं, पोरीला गेलं, आईला गेलं.

"आबा, मी दमत नव्हते हो. एकदाही नाही. तुम्ही दमायचात. तुम्ही नुसतं सांगितलं असतंत ना, तरी मी थांबलेच असते."